आधी निकाल, मग दया

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी करवीर संस्थानातल्या गावांत दिवेलागणीच्या सुमाराला चावडीपुढे माणसे गोळा होत. भजन नसे, पंचायत नसे. महारवाड्यातली, मांगवाड्यातली, रामोशी-बेरडांच्या घरांतली ही कर्ती माणसे हजेरीला आलेली असत. वही उघडली जाई, नाव पुकारले जाई. माणसाने उभे राहून ओ द्यायची, की नावापुढे खूण पडे. दिवसभर रानात राबून आलेला माणूस घरी जाऊन भाकर खाण्याआधी आपण गावातच आहोत, कुठे दरोडा घालायला गेलेलो नाही, हे सरकारला दाखवून जाई. लेक आजारी आहे म्हणून परगावी जायचे तरी आधी परवानगी घ्यावी लागे. गावात कुणाच्या कणगीला भोक पडले, कुणाची शेळी गेली, की पहिली झडती याच वस्तीत. हजेरी चुकली तर दुसरा गुन्हा शोधावा लागत नसे. हजेरी चुकवणे हाच गुन्हा होता.

शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची ही हजेरी बंद केली. शाहूचरित्रांत हा हुकूम सहसा दोन-चार ओळींत उरकतो. त्याच सुमाराला महारवतने गेली, कुलकर्णी वतने गेली, सक्तीचे प्राथमिक शिक्षण आले. त्या मोठ्या हुकुमांच्या गर्दीत हा लहान दिसतो. मला तो लहान वाटत नाही. न्याय आणि दया यांचे नाते काय, आणि दुसऱ्याला दोषी ठरवण्याचा अधिकार कुणाला कुठून मिळतो, हे ख्रिस्ती धर्मविचारातले फार जुने प्रश्न. त्यांची परीक्षा आपल्याकडे ज्या एका कायद्याने घेतली, त्याच्याशी हा हुकूम थेट जोडलेला आहे. त्या परीक्षेला कोल्हापूरचा राजा बसला आणि सोलापूरचे मिशनरीही बसले.

कायदा १८७१ चा. गुन्हेगार जमातींचा कायदा. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. एखादी टोळी, जमात किंवा लोकांचा वर्ग सराईतपणे गुन्हे करतो असे सरकारला वाटले, की राजपत्रात तशी अधिसूचना काढायची. ती निघाली, की त्या जमातीतल्या माणसांची नोंदणी, बोटांचे ठसे, ठरावीक वेळेला हजेरी, मुक्काम हलवायचा तर परवाना. वसाहतीत नेऊन ठेवायचे अधिकारही सरकारला होते आणि मुलांना आईबापांपासून वेगळे काढायचेही. नोंदलेला माणूस संशयास्पद स्थितीत सापडला आणि तो चोरीच्या बेतात होता असे न्यायाधीशाला वाटले, तर तीन वर्षांपर्यंत कैद. चोरी झालेली असण्याची गरज नाही.

यात सगळ्यांत भयंकर कलम कोणते म्हणाल, तर अधिसूचना बरोबर की चूक हे कोणत्याही न्यायालयाला विचारता येणार नाही, हे. इंग्रजी न्यायपद्धतीचे गोडवे गाणारी एक पिढी आपल्याकडे होऊन गेली. ते अगदीच फुकाचे नव्हते. पण त्याच पद्धतीने लाखो माणसांबाबत साक्ष, बचाव आणि अपील या तिन्ही गोष्टी एका फटक्यात रद्द केल्या. निकाल आधीच लागलेला, आणि तोही आरोपी जन्माला येण्यापूर्वी. विधेयकाच्या बाजूने जो युक्तिवाद झाला त्याचा मथितार्थ असा, की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. तसेच चोराचे मूल चोरच होणार. हिंदूंच्या जातिव्यवस्थेवर नाके मुरडणाऱ्या साहेबांनी अडचणीच्या वेळी नेमका तिचाच आधार घेतला.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात कायद्याचे खाते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्याकडे होते. हे घराणे साधेसुधे नाही. त्यांचे आजोबा विल्बरफोर्स यांच्या बरोबरीने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढले. वडील सर जेम्स स्टीफन यांनी ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३ च्या कायद्याचा मसुदा लिहिला. लंडनच्या क्लॅपहॅम भागातल्या भाविक ख्रिस्ती मंडळींचा हा गोतावळा. माणूस जन्माने कुणाची मालमत्ता होत नाही, हे त्यांनी बायबल हातात घेऊन साम्राज्याला पटवले. त्याच घरातला मुलगा कायदेमंत्री असताना माणूस जन्माने गुन्हेगार असू शकतो, हे साम्राज्याने कायद्यात लिहिले.

ज्यांच्यावर हे शिक्के बसले ती माणसे कोण होती, हे कोल्हापूरकरांना तरी सांगायला नको. रामोशी म्हणजे गावाचा राखणदार. बेरड आणि इतर गडकरी किल्ल्यांच्या बंदोबस्ताला. किल्ल्यांची गरज संपली, शिबंद्या मोडल्या, गडकऱ्यांच्या जमिनींवर नवे कारकून बोट ठेवू लागले, तेव्हा १८४४ मध्ये सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथे गडकरी उठले. तो उठाव मोडला आणि माणसे रिकामी झाली. लमाण मीठ आणि धान्य बैलांवर लादून देशभर हिंडत. आगगाडी आली आणि तांडे बसले. जंगल कायद्यांनी पारध्याचे रान सरकारजमा केले. पोट मात्र कुणी सरकारजमा केले नव्हते. यांतल्या काहींनी चोऱ्या केल्या, दरोडे घातले, हे खरेच आहे. ते नाकारून कुणाचे भले होत नाही. पण ज्याने चोरी केली तो आणि ज्याने केली नाही तो, असा भेद करणे हेच तर न्यायाचे काम. कायद्याने नेमके तेवढेच टाळले.

इथे बायबलातला एक प्रसंग आठवतो. व्यभिचारात धरलेल्या एका बाईला जमाव येशूपुढे आणून उभी करतो. नियमशास्त्राप्रमाणे तिला दगडांनी मारायचे, तुझे म्हणणे काय, असे विचारतो. तिच्याबरोबरचा पुरुष कुठे आहे, हे कुणी विचारत नाही. येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहीत बसतो. लोक सोडत नाहीत तेव्हा एवढेच म्हणतो, की ज्याच्याकडून कधी पाप घडले नाही त्याने सुरुवात करावी. एकेक जण निघून जातो, आणि आधी निघतात ती वयाने मोठी माणसे. प्रवचनांतून ही गोष्ट क्षमेची म्हणून सांगतात. ती न्यायाचीही आहे. त्या जमावाकडे निदान एक घडलेले कृत्य होते आणि ते करणारी एक व्यक्ती होती. १८७१ च्या कायद्याला तेवढेही लागत नव्हते. हातात दगड घेतलेला तो जमाव या कायद्यापेक्षा काटेकोर म्हणावा लागेल.

कोल्हापुरात ख्रिस्ती मिशनचे पाऊल पडले ते १८५२ च्या डिसेंबरात. रॉयल गोल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी नगरहून इथे आले. ज्या अमेरिकन बोर्डाने त्यांना पाठवले त्याचीच मराठी मुलखातली शाखा म्हणजे अमेरिकन मराठी मिशन. पुढे सोलापुरात तेच भेटणार आहे. वायल्डर यांचा भर शाळांवर होता. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांना शाळांपेक्षा उपदेश आणि देशी मंडळ्या महत्त्वाच्या वाटत. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे शिष्टमंडळ हिंदुस्थानात येऊन गेले, इंग्रजी शाळा आवरत्या घ्यायचे ठरले आणि वायल्डर यांचे बोर्डाशी फाटले. त्यांनी आपली बाजू मांडणारे पुस्तक १८६१ मध्ये छापले आणि त्याच वर्षी बोर्डाच्या आधाराशिवाय ते कोल्हापुरात परत आले. जवळपास दहा वर्षे त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर काम केले. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते आपल्याकडे घेतले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशनरी चळवळीचा मोठा पुढारी झाला. आजचे वायल्डर मेमोरियल चर्च याच कुटुंबाची आठवण आहे.

वायल्डर यांच्यामागून आलेल्यांनी या भागात काय केले, ते मिरजेला जाऊन पाहावे. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे इस्पितळ उभे राहिले. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पार कोकणातून माणसे बैलगाडीने तिथे येत. कुष्ठरोग्यांसाठी वेगळी सोय झाली. ज्यांना गाव शिवत नव्हते त्यांच्या जखमा कुणीतरी धुतल्या. दयेच्या खात्यावर मिशनची जमा मोठी आहे आणि ती कुणी खोडायची गरज नाही.

पण दयेपुढे कधीकधी असा माणूस येतो ज्याच्यावर आधीच कुणीतरी निकाल देऊन ठेवलेला असतो. तेव्हा काय करायचे? जखम धुवायची, की निकाल फाडायचा? मिशनपुढे हा प्रश्न सोलापुरात उभा राहिला.

मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमातींच्या वसाहती उभारण्याचे काम ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याने केले. सुरुवात विजापुरात झाली. मग हुबळी, गदग, बेळगाव, बारामती, सोलापूर अशी मालिका लागली. स्टार्ट हा कोरडा हाकिम नव्हता. माणसाला रोजगार दिल्याशिवाय त्याच्याकडून सुधारणेची अपेक्षा करू नये, असा त्यांचा आग्रह होता. १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासी वर्गांच्या स्थितीची पाहणी करायला मुंबई सरकारने त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यात डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा सभासद होते, हे पाहिले म्हणजे माणसाचे वजन कळते. या वसाहती चालवायला त्यांना नुसते पोलीस नको होते, शिक्षक हवे होते. म्हणून काही वसाहती मिशनऱ्यांच्या हवाली झाल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनकडे आली.

सोलापूर त्या वेळी गिरण्यांचे गाव. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपाठोपाठ आणखी गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांना माणसे हवी होती. वसाहतीत कैकाडी, पारधी, भाट, टकारी, मांगगारुडी अशा निरनिराळ्या जमातींची कुटुंबे आणून ठेवली होती. भोवती तारेचे कुंपण. सकाळी भोंगा झाला, की माणसे गिरणीकडे. पाळी सुटली, की परत. संध्याकाळी हजेरी. बाहेर जायचे तर पास. पोरांना शाळा, बायकांना काम, दुखण्याखुपण्याला औषध. वागणूक चांगली राहिली, की कुटुंबाला कुंपणाबाहेरच्या वस्तीत घर मिळे आणि बंधने सैल होत. त्या वस्त्यांना फ्री कॉलनी म्हणत. सोलापूरच्या लोकांनी या साऱ्याला एकच नाव ठेवले, सेटलमेंट.

त्या कुंपणाच्या आतला मिशनरी व्यवस्थापक हा कसला चमत्कारिक प्राणी असेल! शाळेत तो पोरांना सांगणार, की शंभरातले एक मेंढरू हरवले तर मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्या शोधात जातो. तेच पोर संध्याकाळी तारेखालून निसटले, तर शोधायला जाणार तो पोलिसांना घेऊन. गोष्ट तीच, शोधणेही तेच. पण रविवारचा मेंढपाळ सोमवारी जेलर होई. त्या मंडळींना हे टोचत नसेल असे मी म्हणणार नाही. बहुतेक जण मनापासून काम करत होते. आपण नसतो तर या माणसांच्या वाट्याला नुसता फौजदार आला असता, असे ते स्वतःला सांगत असणार, आणि त्यात खोटे काही नव्हते. त्या शाळांतून शिकलेली पहिली पिढी निघाली. गिरणीतला पगार हातात आला. पण तारेच्या आत बांधलेला मजूर गिरणीमालकाला किती सोयीचा होता, हेही विसरून चालत नाही.

मुक्तिफौजेचे फ्रेडरिक बूथ-टकर तर आणखी पुढे गेले. पूर्वाश्रमीचे आयसीएस अधिकारी. गुन्हेगार बरा करण्याचे शास्त्रच असते असे मानून त्यांनी त्याला नाव दिले आणि त्यावर पुस्तिका लिहिली. वसाहतीतली माणसे त्यांच्या लिखाणात रोग्यांसारखी येतात. रोग्यावर कुणी रागावत नाही, त्याची शुश्रूषा करतात. म्हणून ही दृष्टी दयाळू. पण हा रोगी आहे हे कुणी ठरवले, त्याची नाडी कुणी पाहिली, हे विचारायचे राहून गेले. माझा मिशनऱ्यांवर आक्षेप एवढाच आहे, पण तो लहान नाही. त्यांनी शिक्षा सौम्य केली, निकालाला हात लावला नाही. सरकारने अख्खी जमात दोषी ठरवलेली. दोषी ठरलेल्यांवर दया करायला हे पुढे आले. ज्याने गुन्हा केलेलाच नाही त्याला क्षमा करणे म्हणजे त्याच्यावर पुन्हा आरोप ठेवणे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

सोलापूरची वसाहत चालवणाऱ्या मिशनमध्येच, याच काळात, एक मराठी माणूस वेगळ्या दिशेने चालला होता. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, 'ज्ञानोदय'चा मराठी भाग सांभाळला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना घेऊन साताऱ्याला बिऱ्हाड केले. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही येशूचे अनुयायी म्हणून जागा होती. पुष्कळ मिशनरी चकित झाले, काही दुखावले. आतले कोण आणि बाहेरचे कोण हे ठरवणाऱ्या वह्या टिळकांना नको होत्या. गुन्हेगार जमातींच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध नाही. टिळक त्यासाठी साताऱ्याला गेले नव्हते. तरी एकाच संस्थेच्या छपराखाली, एकाच दोन-चार वर्षांत, एकीकडे हजेरीपट ताब्यात घेतला जात होता आणि दुसरीकडे मंडळीचा पट बाजूला सारला जात होता, ही गोष्ट मला नोंदवण्यासारखी वाटते. मे १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार फार चालला नाही.

आता परत कोल्हापूर.

शाहू महाराजांना जन्मावरून लागणारा निकाल कसा असतो हे पुस्तकातून कळलेले नव्हते. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला गेले असताना आपले पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणतात, हे त्यांच्या लक्षात आणून दिले गेले. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, की शूद्राला पुराणोक्तच. राजा झाला तरी जन्म तोच. पुढे राजोपाध्यांचे वतन जप्त झाले, वाद लोकमान्य टिळकांच्या केसरीपासून व्हाइसरॉयपर्यंत गेला, वर्षानुवर्षे गाजला. त्या एका उत्तराचा आणि वीस वर्षांनी निघालेल्या हजेरीच्या हुकुमाचा संबंध कागदावर दाखवता येणार नाही. हे माझे अनुमान आहे. पण ज्याला भर घाटावर आपली पायरी दाखवली गेली, त्याला चावडीपुढे ओ देणाऱ्या माणसाची मान का खाली जाते हे सांगावे लागले नसणार.

महाराजांना कुणी संत करू नये. रागीट होते, हातात चाबूक असे, शिकारीचा नाद दांडगा. हुकूम काढण्यात राजकारणही होते. ब्राह्मणेतर समाजाची फळी त्यांना बांधायची होती. आणि संस्थानिकाला जे एका सहीने जमते ते इलाख्याच्या अधिकाऱ्याला दहा टेबलांवरून फिरवावे लागते, हेही मान्य करू. तरी त्यांनी केलेली गोष्ट जातीने वेगळी होती. त्यांनी हजेरी सौम्य केली नाही, सुधारणेची परीक्षा घेऊन मग सूट देण्याची योजना आखली नाही, चांगल्या वागणुकीचा दाखला मागितला नाही. हे लोक गुन्हेगार म्हणून उभे राहणार नाहीत, एवढेच ठरवले. कुणी चोरी केली तर त्याच्यावर खटला भरायला फौजदारी कायदा होताच.

फासेपारध्यांची हकिकत कोल्हापुरात अजून सांगतात. शिकारीच्या निमित्ताने महाराज रानोमाळ हिंडत, तिथे पारध्यांशी गाठ पडे. चोऱ्या का करता, असे विचारल्यावर पोटासाठी, हे उत्तर आले. महाराजांनी त्यांना काम दिले, आणि कामही कसले, तर राखणीचे. ज्यांच्या भीतीने गाव रात्री जागे राही, ते महाराजांच्या पदरी पहाऱ्याला उभे राहिले. सांगणाऱ्यागणिक गोष्टीला तिखटमीठ लागते, पण पारध्यांना पहाऱ्यावर ठेवल्याचे तथ्य पक्के आहे. त्या वेळच्या दरबारी मंडळींना यात राजाचा लहरीपणा दिसला असेल. सोलापुरात याच पारध्यांवर पहारा बसवला होता.

हजेरीच्या वहीतून सुटलेल्यांना महाराजांनी पुढच्या पायरीवर चढवायचाही प्रयत्न केला. कुलकर्णी वतने गेल्यावर तलाठ्यांच्या जागांवर महारांच्या मुलांच्या नेमणुका झाल्या, अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा मिळाल्या. काल ज्याचे नाव चावडीत पुकारले जाई, त्याचा पोरगा त्याच चावडीत दप्तर घेऊन बसू शकत होता. गावाने हे सहज गिळले असेल असे समजू नका. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ मोजायची ज्यांना पिढ्यान् पिढ्या सवय, त्यांना स्वतःच्या डोळ्यातल्या मुसळाचा हिशेब एका हुकुमाने येत नसतो.

हा हुकूम ख्रिस्ती धर्मग्रंथ वाचून निघाला नव्हता. महाराज सत्यशोधकांचे पाठीराखे, आर्यसमाजाकडे ओढलेले, घराण्याच्या देवदेवस्कीत वाढलेले. पण येशूच्या एका गोष्टीत वाटेवर लुटलेल्या माणसाला पुरोहित ओलांडून जातो, लेवीही ओलांडून जातो, आणि थांबतो तो परक्या पंथाचा शोमरोनी. गोष्ट ऐकणाऱ्यांना तेव्हा ती बोचली असणार. कोल्हापूर आणि सोलापूर शेजारी ठेवून पाहिले, तर ती अजून बोचायला हरकत नाही. मिशनरी ओलांडून गेले नाहीत, हे मात्र त्यांच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे. ते थांबले, जखम बांधली, आणि मग त्या माणसाला कुंपणाच्या आत नेले.

हुकूम संस्थानापुरता होता. वारणा ओलांडली, की सातारा जिल्हा, म्हणजे इंग्रजी मुलूख. नदीच्या दक्षिणेला हजेरी बंद, उत्तरेला चालू. महाराजांच्या हुकुमानंतर दोनच वर्षांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, उत्तरेकडच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले, मांगवाड्यात. हजेरीचा जाच त्यांच्या 'फकिरा'त येतो. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीला १९६१ मध्ये राज्य पुरस्कार मिळाला. अण्णा भाऊंचा जन्म वारणेच्या अलीकडे झाला असता तर मराठी साहित्यात काय घडले असते, असा खेळ करण्यात अर्थ नाही. पण कुणाला हजेरी आणि कुणाला मोकळीक हे एका नदीवर ठरत होते, म्हणजे गुन्हेगारी रक्तात नव्हती, सरकारी कागदात होती, एवढे तर सिद्ध होतेच.

इलाख्यातला कायदा हळूहळू सैल झाला. १९३६ मध्ये नेल्लोरच्या भाषणात नेहरूंनी त्याचा धिक्कार केला. अख्खी जमात गुन्हेगार ठरवणे न्यायाच्या कोणत्याही तत्त्वात बसत नाही, असा त्यांचा मुद्दा. १९३७ मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. मुंबई प्रांताने कायदा रद्द केला तो १९४९ मध्ये, आणि देशभरातून तो गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तो दिवस भटके-विमुक्त अजून मुक्तिदिन म्हणून पाळतात. कोल्हापूरच्या हुकुमानंतर चौतीस वर्षांनी.

नाव गेले, संशय राहिला. सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या वहीत जुनीच आडनावे नव्या रकान्यांत गेली. ते कसे घडते, ते लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'त आणि लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त वाचावे. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे, आणि दोन्ही वाचताना आपण कोणत्या बाजूला उभे होतो हे मध्यमवर्गीय वाचकाला स्वतःला विचारावे लागते. केंद्राने रेणके आयोग नेमला, मग इदाते आयोग नेमला, अहवाल आले. सोलापुरात आजही पत्त्यावर सेटलमेंट फ्री कॉलनी असे लिहितात, पुढे क्रमांक घालून.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाविरुद्ध पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतून जातीवर आधारलेले नियम काढून टाकावेत, आणि विमुक्त जमातींतल्या माणसांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये याची पोलिसांनी काळजी घ्यावी, असे त्या निकालात बजावावे लागले. शाहू महाराजांनी चावडीवरच्या वह्या बंद केल्या त्याला तेव्हा एकशे सहा वर्षे झाली होती.